चीनशी वागण्याच्या तऱ्हा आणि हाती आलेला वेळ

१ जानेवारी १९०७ रोजी ब्रिटिश परराष्ट्र खात्यातले अधिकारी आयर क्रो यांनी आपल्या मंत्र्यांसाठी एक लांबलचक टिपण लिहिलं. विषय होता जर्मनी. त्या काळी जर्मनीचं पोलाद, रसायनं, नौदल सगळंच झपाट्याने वाढत होतं आणि लंडनमध्ये एकच चर्चा होती: या देशाच्या मनात आहे तरी काय? युरोपवर हुकमत गाजवायचा त्याचा पक्का बेत आहे, की मोठ्या होणाऱ्या कुठल्याही देशासारखा तोही चाचपडत, धक्के देत पुढे सरकतो आहे? क्रो यांनी दोन्ही शक्यता मांडल्या आणि ब्रिटनच्या दृष्टीने दोहोंत फारसा फरक पडत नाही, असा निष्कर्ष काढला. सामर्थ्य एकदा तयार झालं की धोका तोच. खात्यातून निवृत्त झालेले ज्येष्ठ अधिकारी थॉमस सँडरसन यांनी त्याला लेखी उत्तर दिलं. उशिरा मोठ्या झालेल्या देशाला थोडी जागा करून द्यावी लागते, त्याच्या प्रत्येक हालचालीत कट शोधू नये, असं त्यांचं म्हणणं.

गेली पन्नास वर्षं चीनबद्दल जगभर जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं या दोन टिपणांच्या मधल्या पट्ट्यातच घुटमळतं. चीन सुधारेल की बिघडेल, जागा दिली तर शांत होईल की सोकावेल, याचे अंदाज बांधण्यात पुस्तकांची कपाटं भरली. मला हा प्रश्न आता दुय्यम वाटतो. मैत्रीचं असो, नाकेबंदीचं असो किंवा सगळ्यांशी सारखं अंतर राखण्याचं असो, उगवत्या सत्तेशी वागण्याचं कुठलंही धोरण शेवटी काही वर्षांचा अवधी मिळवून देतं. त्या अवधीत त्या देशाने स्वतःची तयारी किती केली, ही कसोटी लावली तर यशापयशाचा हिशेब पुष्कळ वेगळा दिसतो. हा आढावा त्या कसोटीवर घेतलेला आहे.

ब्रिटनचंच उदाहरण घ्या. जर्मनीबद्दल वाद चालू असताना त्याच ब्रिटनने दुसऱ्या उगवत्या सत्तेला, अमेरिकेला, मुकाट्याने वाट करून दिली. १८९५ मध्ये व्हेनेझुएलाच्या सीमावादात अमेरिकेने दंड थोपटले, तेव्हा लंडनने पुढे लवाद मान्य केला. मध्य अमेरिकेतला कालवा एकट्या अमेरिकेने बांधावा आणि सांभाळावा, हे १९०१ च्या करारात कबूल केलं. १९०३ मध्ये अलास्काच्या हद्दीचा निवाडा कॅनडाच्या विरोधात गेला, तोही ब्रिटिश न्यायाधीशाच्या मताने. कॅनडात संताप उसळला. हे सगळं नमतं घेणंच होतं. पण त्यातून मोकळी झालेली जहाजं आणि लक्ष ब्रिटनने उत्तर समुद्रात, जर्मनीसमोर वळवलं. ग्रॅहम ॲलिसन यांच्या २०१७ च्या ‘डेस्टिन्ड फॉर वॉर’ या पुस्तकाने इतिहासातल्या १६ जोड्या मोजून १२ वेळा युद्ध झाल्याचं सांगितलं आणि ‘थ्युसिडिडीसचा सापळा’ हे शब्द दिल्लीपासून बीजिंगपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसवले. त्या मोजणीवर माझा फारसा भरवसा नाही. कुठल्या जोड्या धरायच्या यावरच तिचा निकाल ठरतो, आणि अण्वस्त्रांच्या आधीचं जग नंतरच्या जगाला किती लागू पडतं, हेही पाहावं लागतं. मात्र युद्ध न झालेल्या चार जोड्यांत ब्रिटन आणि अमेरिका आहेत, आणि त्यात ब्रिटनच्या नमतं घेण्याचा वाटा मोठा आहे.

आता चीन. अमेरिकेने त्याला जवळ केलं तेव्हा तो उगवती सत्ता नव्हता. सांस्कृतिक क्रांतीने पोळलेला गरीब देश होता. जुलै १९७१ मध्ये किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला गेले, फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन उघडपणे गेले, आणि १ जानेवारी १९७९ पासून रीतसर राजनैतिक संबंध सुरू झाले. हेतू सोव्हिएत संघाला शह देण्याचा होता. १९८९ मध्ये तिआनमेन चौकात रणगाडे घुसले, पुढच्या दोन वर्षांत सोव्हिएत संघच नाहीसा झाला, आणि मैत्रीचं मूळ कारण संपलं. तरी मैत्री संपली नाही, कारण तोवर व्यापार हे नवं कारण तयार झालं होतं. क्लिंटन यांनी १९९३ मध्ये व्यापारी सवलती मानवाधिकारांशी बांधल्या आणि एका वर्षात, मे १९९४ मध्ये, ती गाठ स्वतःच सोडली. २००० साली अमेरिकी काँग्रेसने चीनला कायमस्वरूपी व्यापारी दर्जा दिला. ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला, न्यूयॉर्कचे मनोरे कोसळल्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी.

या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मला पुढची पंधरा वर्षं समजतात. धाकट्या बुश यांनी निवडणूक लढवताना चीनला ‘सामरिक स्पर्धक’ म्हटलं होतं. एप्रिल २००१ मध्ये हैनानजवळ अमेरिकी टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची धडक होऊन तणावही वाढला होता. सप्टेंबरनंतर हे सगळं मागे पडलं. अमेरिकेचा पैसा, सैन्य आणि राज्यकर्त्यांचं लक्ष काबूल आणि बगदादमध्ये गुंतलं. चीनशी सलोखा हवाच होता, आणि २००५ मध्ये उपपरराष्ट्रमंत्री रॉबर्ट झोलिक यांनी चीनला जागतिक व्यवस्थेतला ‘जबाबदार भागीदार’ होण्याचं आवाहन केलं, ते याच काळात. स्वस्त मालामुळे महागाई आटोक्यात राहिली. पण नॉर्थ कॅरोलायनाचे फर्निचरचे कारखाने, मध्य-पश्चिमेतले सुट्या भागांचे कारखाने बंद पडत गेले. डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे सुमारे २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्याचा अंदाज काढला. त्या माणसांना नवं कौशल्य, नवा उद्योग देण्यासाठी जे करायला हवं होतं, ते झालं नाही. पुढे २०१६ च्या निवडणुकीत याच गावांनी कौल फिरवला.

अमेरिकेतला वाद मात्र वेगळ्याच मुद्द्यावर पेटला. २०१८ मध्ये कर्ट कॅम्पबेल आणि एली रॅटनर या ओबामांच्या काळातल्या दोन अधिकाऱ्यांनी ‘फॉरेन अफेअर्स’ मध्ये लिहिलं की व्यापाराने चीन मोकळा होईल ही आशा फोल ठरली. त्यावर आयन जॉन्स्टन यांच्यासारख्या अभ्यासकांनी हरकत घेतली: चीनला लोकशाही बनवणं हा त्या धोरणाचा खरा हेतू कधी नव्हताच, अण्वस्त्रप्रसार रोखणं, त्याला आंतरराष्ट्रीय संस्थांत आणणं ही उद्दिष्टं होती आणि त्यांतली बरीच साधली. कागदपत्रं पाहता जॉन्स्टन यांची बाजू मला जास्त टिकाऊ वाटते. चीनला गुंतवून ठेवण्याने पूर्व आशियात चार दशकं मोठं युद्ध झालं नाही, ही लहान गोष्ट नाही. त्या शांततेत स्वतःचे कारखाने आणि कामगार वाऱ्यावर सोडले, इथे अमेरिकेचं चुकलं.

चीनने याच्या उलट केलं. ‘तेज झाकून ठेवा, वेळ येऊ द्या’ हा डेंग शियाओपिंग यांचा सल्ला बहुतेकदा कावेबाजपणाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. मला त्यात कामाचं वेळापत्रक दिसतं. १९८० मध्ये शेनझेनला विशेष आर्थिक क्षेत्र झालं. परकी कंपन्यांना चिनी भागीदार घ्यावा लागला आणि तंत्र शिकवावं लागलं. मे २०१५ मध्ये ‘मेड इन चायना २०२५’ ही योजना जाहीर झाली तेव्हा कुठल्या दहा क्षेत्रांत पुढे जायचं, हे सगळ्या जगासमोर छापून ठेवलेलं होतं. २०१० मध्ये अर्थव्यवस्थेच्या आकारात चीनने जपानला मागे टाकलं. त्याच वर्षी हनोईतल्या बैठकीत परराष्ट्रमंत्री यांग जिएची यांनी आग्नेय आशियाई मंत्र्यांना सुनावलं की चीन मोठा देश आहे, बाकीचे लहान आहेत, आणि ही वस्तुस्थिती आहे. झाकून ठेवण्याचा काळ सरल्याची ती पहिली स्पष्ट खूण.

मग अमेरिकेचा सूर पालटला. नोव्हेंबर २०११ मध्ये ओबामांनी ऑस्ट्रेलियाच्या संसदेत आशियाकडे वळण्याची घोषणा केली. डिसेंबर २०१७ च्या सुरक्षा धोरणात चीनला व्यवस्था उलथू पाहणारी सत्ता म्हटलं गेलं, २०१८ मध्ये आयातशुल्कांचा मारा सुरू झाला, २०१९ मध्ये हुआवेवर निर्बंध आले. बायडेन यांनी यातलं फारसं काही मागे घेतलं नाही. उलट ७ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रगत चिप आणि त्या बनवण्याची यंत्रं चीनला विकण्यावर कठोर बंदी आणली आणि नेदरलँड्स व जपानलाही त्यात ओढलं. शीतयुद्धानंतर एखाद्या मोठ्या अर्थव्यवस्थेला एवढ्या नेमकेपणाने अडवण्याचा प्रयत्न झाला नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये हुआवेने देशी बनावटीच्या चिपचा फोन बाजारात आणला. बंदीने चीन काही वर्षं मागे पडला की त्याच्या स्वावलंबनाला चालना मिळाली, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. बहुधा दोन्ही झालं आहे.

या सगळ्यात अमेरिकेची सर्वांत महाग चूक माझ्या मते जानेवारी २०१७ मधली आहे. पॅसिफिक देशांच्या ज्या व्यापार करारासाठी वर्षानुवर्षं वाटाघाटी झाल्या, त्यातून ट्रम्प यांनी आल्या आल्या अंग काढून घेतलं. जपानने उरलेल्यांना एकत्र धरून तो करार पुढे नेला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये चीननेच त्यात प्रवेशासाठी अर्ज केला. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचं शुल्क १४५ टक्क्यांवर नेलं, तेव्हा चीनने शुल्काला शुल्काने उत्तर दिलंच, शिवाय सात दुर्मिळ मृदा धातूंची निर्यात परवान्यांखाली आणली. मोटारी, क्षेपणास्त्रं, पवनचक्क्या सगळ्यांना लागणारी चुंबकं त्यांवर अवलंबून. काही आठवड्यांत जिनिव्हात तडजोड झाली आणि ऑक्टोबरमध्ये बुसानला दोन्ही राष्ट्राध्यक्ष भेटून वर्षभराचा विराम ठरला. दोन्ही बाजूंनी घेतलेला हा वेळ आहे. त्यात कोण काय उभारतं, ते पाहावं लागेल.

दुर्मिळ धातूंचं हे हत्यार जपानने पंधरा वर्षं आधी अंगावर घेतलं होतं. आढाव्यात मी जपानपाशी जास्त थांबतो, कारण चीनच्या बाबतीत सगळ्या भूमिका त्याने करून पाहिल्या आहेत: आक्रमक, कर्जदाता, गुंतवणूकदार, आणि आता शेजारी बसलेला सावध प्रतिस्पर्धी. १९७२ मध्ये संबंध जुळले, १९७९ पासून जपानने चीनला स्वस्त कर्जं दिली. २०१८ मध्ये नवी मदत बंद करेपर्यंत एकूण मदतीचा आकडा साडेतीन लाख कोटी येनांच्या वर गेला होता. चीनची बंदरं, रेल्वे, वीजकेंद्रं यांत हा पैसा आहे.

सप्टेंबर २०१० मध्ये सेनकाकू बेटांजवळ एका चिनी मासेमारी बोटीने जपानी तटरक्षक जहाजांना धडक दिली. जपानने बोटीच्या कप्तानाला अटक केली. काही दिवसांतच जपानकडे निघालेल्या दुर्मिळ धातूंच्या खेपा चिनी बंदरांत अडकू लागल्या. बीजिंगने अधिकृत बंदी असल्याचं नाकारलं, पण टोकियोच्या वाहन आणि इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाला काय व्हायचं ते कळलं. कप्तान सुटला, खेपा सुरू झाल्या, आणि बहुतेक देशांनी इथे सुटकेचा श्वास सोडून जुनं चालू ठेवलं असतं. जपानने २०११ मध्येच सरकारी संस्था आणि एका खासगी व्यापारी कंपनीमार्फत लायनस या ऑस्ट्रेलियन कंपनीला २५ कोटी डॉलर दिले, जेणेकरून पश्चिम ऑस्ट्रेलियातली खाण आणि मलेशियातला शुद्धीकरण कारखाना उभा राहील. भाव कोसळले तेव्हाही जपानने तिला बुडू दिलं नाही. दुर्मिळ धातू कमी लागतील अशी चुंबकं शोधली, जुन्या यंत्रांतून धातू परत काढण्याचं तंत्र बसवलं, साठे केले, आणि अमेरिका व युरोपसह जागतिक व्यापार संघटनेत खटला लढवून २०१४ मध्ये जिंकला. ९० टक्क्यांच्या आसपास असलेलं चीनवरचं अवलंबित्व दशकभरात ६० टक्क्यांजवळ आलं. पूर्ण सुटका झाली नाही. २०२५ मध्ये सुझुकीला जपानमधलं स्विफ्टचं उत्पादन काही दिवस थांबवावं लागलं. पण या साऱ्या काळात चीन हाच जपानचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार राहिला, हे लक्षात घ्यावं. संबंध न तोडता दुखरी नस झाकता येते, याचा इतका सविस्तर दाखला दुसरा नाही. शिन्झो आबे यांनी ऑगस्ट २००७ मध्ये भारताच्या संसदेत दोन महासागरांच्या संगमाबद्दल केलेलं भाषण सगळ्यांना आठवतं. लायनसचं कर्ज फार थोड्यांना माहीत आहे, आणि मला ते त्या भाषणाइतकंच मोलाचं वाटतं.

व्हिएतनामची तऱ्हा निराळी. १९७९ मध्ये चीनने त्याच्यावर हल्ला केला, १९८८ मध्ये जॉन्सन साऊथ रीफवर ६४ व्हिएतनामी सैनिक मारले गेले. तरी १९९१ मध्ये संबंध पूर्ववत केले, १९९९ मध्ये जमिनीवरच्या सीमेचा करार केला, २००० मध्ये टोंकिनच्या आखाताची वाटणी ठरवली. जे वाद मिटण्याजोगे होते ते मिटवले आणि दक्षिण चिनी समुद्रातल्या बेटांचा वाद तेवढा उरवून सगळं लक्ष तिथे लावलं. युती नाही, परकी तळ नाहीत, एकाविरुद्ध दुसऱ्याची बाजू नाही, बळाचा वापर नाही, ही त्याची चार सूत्रं. सप्टेंबर २०२३ मध्ये हनोईने अमेरिकेशी नातं सर्वोच्च पायरीवर नेलं आणि डिसेंबरमध्ये शी जिनपिंग यांचंही स्वागत केलं. त्याच सुमारास आपल्या ताब्यातल्या प्रवाळबेटांवर भराव घालण्याचं कामही जोरात चालू होतं. ‘वेळूची मुत्सद्देगिरी’ म्हणून या धोरणाचं कौतुक होतं ते त्याच्या लवचिकपणासाठी. मुळांची मेहनत मात्र दुर्लक्षित राहते.

फिलिपिन्सला असं सातत्य जमलं नाही. २०१२ मध्ये स्कारबरो शोल हातचं गेल्यावर मनिलाने लवादाकडे धाव घेतली आणि १२ जुलै २०१६ रोजी घवघवीत निकाल मिळवला. पण तोवर दुतेर्ते अध्यक्ष झाले होते. त्यांनी निकाल बाजूला ठेवून बीजिंगची वाट धरली, आणि २०२२ नंतर मार्कोस पुन्हा अमेरिकेकडे वळले. हाती आलेला कायदेशीर विजय सहा वर्षं पडून राहिला.

ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली आणि चीनने त्याचं बार्ली, वाइन, कोळसा, लॉब्स्टर एकेक करून अडवलं. बार्लीवर ८०.५ टक्के शुल्क लागलं. बार्लीला सौदी अरेबियात आणि कोळशाला भारतात गिऱ्हाईक मिळालं. वाइनवाल्यांचं मात्र कंबरडं मोडलं. लोहखनिजाला चीनने हातही लावला नाही, कारण त्याच्या पोलादाच्या भट्ट्यांना ते हवंच होतं. परस्परांची गरज जिथे खरी असते तिथे दमदाटी थांबते, आणि २०२४ पर्यंत बहुतेक निर्बंध उठले.

युरोपबद्दल थोडक्यात सांगता येईल. व्यापारातून बदल घडेल, या जर्मन विश्वासाने रशियाच्या बाबतीत दगा दिला, तेव्हा चीनबद्दलही डोळे उघडले. २०१९ मध्ये युरोपीय संघाने चीनला एकाच दमात भागीदार, स्पर्धक आणि व्यवस्थेचा प्रतिस्पर्धी म्हटलं. २०२३ मध्ये उर्सुला फॉन डेअर लायन यांनी संबंध न तोडता जोखीम कमी करण्याची भाषा आणली. ती भाषा अमेरिकेनेही उचलली. कृती सावकाश चालली आहे.

भारताकडे येताना १९५० पासून यावं लागतं. ७ नोव्हेंबर १९५० च्या पत्रात सरदार पटेलांनी नेहरूंना तिबेटमधल्या चिनी प्रवेशाचा अर्थ सांगितला आणि उत्तर सीमेवर रस्ते, दळणवळण, सैन्य यांची यादीच दिली. ऑगस्ट १९५४ मध्ये राज्यसभेत बाबासाहेब आंबेडकरांनी चीनबरोबरच्या पंचशील करारावर बोट ठेवलं. पंचशील हा बौद्ध धर्माचा गाभा आहे, माओंचा त्यावर विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळं वागवलं असतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे भाषण आपल्याकडे परराष्ट्र धोरणाच्या चर्चेत फार कमी येतं, याची मला खंत आहे. आंबेडकर चीनच्या स्वभावाबद्दल बोलत होते तसेच हद्दीबद्दलही: मधलं तिबेट गेलं की चीन आपल्या दाराशी येतो. नेहरूंचं सगळं चुकलं असं मी म्हणणार नाही. नवस्वतंत्र, गरीब देशाला उत्तरेकडे शांतता हवी होती आणि बारा वर्षं ती मिळालीही. पटेलांच्या यादीतली कामं त्या बारा वर्षांत व्हायला हवी होती. ती झाली नाहीत.

१९६२ च्या चीन युद्धानंतरच्या पाच वर्षांत याच्या उलट झालं. यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. त्यांनी संरक्षण मंत्रालयात काय केलं हे त्या मानाने कमी सांगितलं जातं. १९६४ च्या पंचवार्षिक संरक्षण योजनेत सैन्याचं संख्याबळ सव्वाआठ लाखांवर नेणं, दहा डोंगरी डिव्हिजन आणि हवाई दलाच्या ४५ स्क्वॉड्रन ही उद्दिष्टं होती. सप्टेंबर १९६७ मध्ये नाथू ला इथे चिनी तोफांना भारतीय तोफांनी जे उत्तर दिलं, ते या तयारीतून आलं.

डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी बीजिंगला गेले आणि आजच्या धोरणाची चौकट तिथे ठरली: सीमेचा प्रश्न चर्चेत ठेवायचा, तोवर बाकीचे संबंध वाढवायचे. १९९३ मध्ये नरसिंह रावांनी ताबारेषेवर शांततेचा करार केला, १९९६ मध्ये त्याला लष्करी बंधनांची जोड मिळाली, २००५ मध्ये तोडग्याची राजकीय तत्त्वं ठरली. १९८८ मध्ये दोन्ही अर्थव्यवस्था जवळपास एकाच आकाराच्या होत्या, ३०० अब्ज डॉलरच्या आसपास. बरोबरीच्या दोघांनी केलेला तो समझोता होता. २०२४ मध्ये चीनची अर्थव्यवस्था भारताच्या सुमारे पावणेपाच पट झालेली होती. समझोत्याचा मजकूर तोच राहिला आणि त्याखालची जमीन सरकली.

सीमेवर रस्ते न बांधणं हाच सर्वांत चांगला बचाव, असं स्वतंत्र भारताचं बरीच वर्षं धोरण होतं, हे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१३ मध्ये संसदेतच सांगितलं. रस्ता केला तर शत्रू त्यावरून खाली येईल, ही भीती. मग सीमेवर चीनशी एकेक तंटा होत गेला: देपसांग, चुमार, ७३ दिवसांचं डोकलाम, आणि १५ जून २०२० ची गलवानची रात्र, जिथे आपले २० जवान गेले. या घटनांकडे चीनच्या बदललेल्या स्वभावाचा पुरावा म्हणून पाहिलं जातं, आणि तो आहेच. पण दौलत बेग ओल्डीचा २५५ किलोमीटरचा रस्ता २०१९ मध्ये पुरा झाला, रोहतांगखालचा बोगदा २०२० मध्ये. शांततेची पंचवीस वर्षं हातात असताना ही कामं लांबत गेली.

माजी परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी ‘द लाँग गेम’ या २०२१ च्या पुस्तकात भारत-चीन वाटाघाटींचे सहा प्रसंग घेतले आहेत, चीनला मान्यता देण्यापासून दहशतवादी मसूद अझरच्या प्रकरणापर्यंत. चीनला मान्यता आणि तिबेट या पहिल्या दोन प्रसंगांत भारताने मोबदला न मागता देऊन टाकलं. अणुकरार आणि मसूद अझर या प्रकरणांत तयारी, चिकाटी आणि दबाव यांनी निकाल बदलला. चिनी बाजू फाइल वाचून येते, संस्थेची स्मृती जपते, घाई करत नाही, हे त्यांनी आतून पाहून लिहिलं आहे. मराठी वाचकांपर्यंत हे पुस्तक पोहोचायला हवं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीचा समझोता झाला, कझानला मोदी आणि शी भेटले, २०२५ मध्ये मानसरोवराची यात्रा आणि थेट विमानसेवा सुरू झाली, मोदी तिआनजिनला गेले. म्हणजे आपणही पुन्हा अवधी मिळवला आहे. त्याच काळात, २०२४-२५ मध्ये, चीनबरोबरची व्यापारी तूट ९९ अब्ज डॉलरवर पोहोचली. औषधांच्या कच्च्या मालापासून सौर पॅनेलपर्यंत आपण त्याच्यावर टेकलेलो आहोत. एप्रिल २०२५ मधल्या चुंबकांच्या परवान्यांची झळ पुण्यालाही बसली आणि तिथल्या वाहन उद्योगातून इलेक्ट्रिक दुचाकींचं उत्पादन घटवावं लागेल, असे इशारे आले. आपल्याकडे केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनारी वाळूत हे धातू आहेत, त्यासाठीची सरकारी कंपनी १९५० पासून आहे. चुंबक बनवण्याची ७,२८० कोटींची योजना मंजूर व्हायला २०२५ ची अखेर उजाडली. जपानला धडा मिळाला तेच २०१० साल आपणही पाहिलं होतं.

चीनचा उदय आता संपत आला, असंही एक मत आहे. २०२२ पासून त्याची लोकसंख्या घटते आहे, २०२१ मध्ये एव्हरग्रांद कंपनीपासून सुरू झालेली घरबांधणीची पडझड सावरलेली नाही. हाल ब्रँड्स आणि मायकेल बेकली यांच्या मते माथ्यावर पोहोचलेली सत्ता चढणाऱ्या सत्तेपेक्षा जास्त धोकादायक असते. त्यांचं खरं मानलं तरी भारताची कामाची यादी बदलत नाही. मुदत तेवढी आखडते.

म्हणून आज दिल्लीत चाललेला चिनी गुंतवणुकीचा वाद मला सीमेइतकाच महत्त्वाचा वाटतो. एप्रिल २०२० च्या नियमाने शेजारी देशांच्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली. २०२३ मध्ये बीवायडी या चिनी कंपनीचा मोटार कारखान्याचा प्रस्ताव नाकारला गेला. जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणीत मात्र चीनमधून नुसता माल आणण्यापेक्षा भांडवल येऊ द्यावं, असा विचार मांडला गेला. मी या दुसऱ्या बाजूचा आहे, पण दूरसंचार आणि वीजजाळं वगळून, आणि चीनने १९८४ मध्ये फोक्सवॅगनला शांघायमध्ये येऊ देताना घातल्या तशा अटी घालून: भागीदार इथला, सुटे भाग ठरलेल्या मुदतीत इथले, इथल्या अभियंत्यांना शिकवणं करारात लिहिलेलं. चीन हे सहज देणार नाही. २०२५ मध्ये भारतातल्या आयफोनच्या कारखान्यांतून शेकडो चिनी अभियंते परत बोलावले गेले. त्यामुळे ही वाटाघाट कारखान्यागणिक, वर्षानुवर्षं करावी लागेल, आणि तिच्यासाठी चिनी भाषा, चिनी कायदा आणि चिनी उद्योग जाणणारी माणसं वाणिज्य मंत्रालयात आणि राज्यांच्या औद्योगिक महामंडळांत, आपल्या एमआयडीसीतसुद्धा, आतापासून नेमावी लागतील.